ट्यूबचं रबर हवा धरतं, गॅस धरत नाही

आज बोलायचंय गाडीच्या ट्यूबबद्दल. तुम्ही म्हणाल, ट्यूब हा काय बायकांचा विषय आहे का? खरं तर आज वाळवणावर बोलायचं ठरलं होतं. पण मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईंनी जे सांगितलं, ते ऐकून पापड-कुरडया बाजूला ठेवल्या.

ताईंच्या घरी सिलिंडरची नळी शेगडीच्या बाजूला चिरली होती. बारीकशी चीर. वास यायचा. नवी नळी आणायला जायचं तर त्या आठवड्यात कांदा काढायला आलेला, घरात कुणाला सवड नाही. मग घरधन्याने पंक्चरच्या टपरीवरून जुन्या ट्यूबची पट्टी कापून आणली आणि चिरेवर चांगली ताणून गुंडाळली. वरून सुतळी. म्हणाले, "ट्रॅक्टरच्या चाकातली एवढी हवा हे रबर धरून ठेवतं, त्याला हा एवढासा गॅस काय जड आहे?" आणि खरंच, आठ दिवस वास आला नाही. नवव्या दिवशी पहाटे ताई स्वयंपाकघरात गेल्या, खाली पडलेला पोळपाट उचलायला वाकल्या आणि वास एकदम नाकात भरला. उभं असताना येत नव्हता, वाकल्यावर आला. त्या शहाण्या, दिव्याच्या बटणाला हात लावला नाही. अंधारातच चाचपडत रेग्युलेटर बंद केला, दार उघडलं आणि नातवंडांना अंगणात काढलं. काही झालं नाही. पण बैठकीत हे सांगताना त्यांचा हात थरथरत होता.

सगळं सांगून झाल्यावर त्यांनी आम्हाला विचारलं, "ट्यूब हवा धरते ना? मग गॅस का नाही धरला?"

प्रश्न अगदी सरळ होता आणि उत्तर आमच्यापैकी एकीलाही देता आलं नाही. म्हणून आम्ही चौघी-पाच जणी दोन आठवडे याच्यामागे लागलो. पंक्चरवाल्या दादांकडे बसलो, शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना गाठलं, पुस्तकं वाचून घेतली. जे कळलं ते आज सांगतोय.

घोडेगावात ट्यूबची माहिती घ्यायला लांब जावं लागत नाही. अहिल्यानगर - छत्रपती संभाजीनगर हमरस्त्यावरचं आपलं गाव. शनिशिंगणापूरला जायचा फाटा इथेच फुटतो. जनावरांच्या बाजाराला आलेले टेम्पो, कांद्याच्या गोण्यांनी भरलेले ट्रॅक्टर, सोनईच्या मुळा कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या टायरगाड्या. एवढी चाकं फिरतात तिथे पंक्चरच्या टपऱ्या असणारच.

त्या दादांनी आम्हाला आधी एक गंमत दाखवली. दोन जुन्या ट्यूबचे सारख्याच आकाराचे दोन तुकडे कापले, घट्ट गुंडाळून त्यांच्या गोळ्या केल्या आणि फरशीवर टाकल्या. एक टुणकन उडाली. दुसरी पडली ती जवळजवळ तिथेच बसली, एखादा आळशी बैल बसावा तशी. दादा म्हणाले, "उडाली ती झाडाच्या रबराची. बसली ती ब्युटिलची. हवा धरायला ही आळशीच चांगली."

ब्युटिल हे नाव तुम्ही ट्यूबच्या खोक्यावर किंवा ट्यूबवरच इंग्रजी अक्षरांत छापलेलं पाहिलं असेल. हे कारखान्यात तयार होणारं रबर. झाडाचं रबर वेगळं: केरळात, आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्गाकडेही, रबराच्या झाडांना खाच पाडून पांढरा चीक काढतात आणि त्याचं रबर करतात. ताणलं की लांबतं, सोडलं की परत येतं, टणटण उडतं. गुणाचं आहे. पण त्यात एक खोट आहे, त्यातून हवा निसटते. भोक नसलं तरी निसटते.

हे आम्हालाही आधी पटेना. भोक नाही तर हवा जाईल कशी? सरांनी समजावलं ते असं. रबर डोळ्यांना एकसंध दिसतं, पण ते अतिशय लांब लांब धाग्यांचं गुंतवळ असतं, विंचरताना फणीत निघतं ना केसांचं, तसं. हे धागे गप्प नसतात. सारखे वळवळत असतात. त्या वळवळीत क्षणभर इथे फट पडते, क्षणभर तिथे. हवेचे कण इतके बारीक की त्या फटींतून एक एक पाऊल सरकत बाहेर पडतात.

आपला जनावरांचा बाजार डोळ्यांपुढे आणा. माणसांची गर्दी आहे, पण सगळी इकडून तिकडे हलताहेत. दोरी सुटलेली शेळी अशा गर्दीतून सहज पसार होते, कारण माणूस हलला की वाट तयार होते. आता तीच माणसं खांद्याला खांदा लावून ठोंब्यासारखी उभी राहिली तर? शेळी अडते. झाडाचं रबर म्हणजे हलती गर्दी आणि ब्युटिल म्हणजे ठोंब्यांची गर्दी. ब्युटिलच्या धाग्याला दोन्ही अंगांनी बारीक बारीक फुटवे असतात, बाभळीच्या फांदीला काटे असावेत तसे. त्यामुळे धागे एकमेकांना चिकटून दाटीने बसतात आणि हलायला मंद असतात. झाडाच्या रबरातून जेवढी हवा झिरपते, त्याच्या साधारण दहावा भागच ब्युटिलमधून झिरपतो. गोळी उडत नाही याचं कारणही तेच. धाग्यांना उसळी मारायची घाईच नसते.

ऊसतोडीला आलेल्या बायांना याचं मोल आमच्यापेक्षा जास्त कळेल. रात्री गाडी उसाने भरून ठेवायची, पहाटे कारखान्याच्या वाटेला लावायची, आणि चाक निम्मं बसलेलं. पंक्चर म्हणावं तर टबात बुडबुडा येत नाही. हवा नुसती झिरपून गेलेली. भरल्या गाडीचं बसलेलं चाक ओढताना बैलांच्या मानेला काय होतं ते वेगळं सांगायला नको.

आता हे रबर बनतं कशापासून? आपल्या सिलिंडरमध्ये जो गॅस असतो तो मुख्यतः दोन वायूंचा, प्रोपेन आणि ब्युटेन. ब्युटेन आणि ब्युटिल, नावात सारखेपणा आहे तो उगीच नाही. ब्युटिल रबर ज्या वायूपासून करतात तो आयसोब्युटिलीन, म्हणजे आपल्या सिलिंडरमधल्या ब्युटेनचा चुलतभाऊच. दोघेही खनिज तेलाच्या घरातले. ही भावकी ध्यानात ठेवा, ताईंच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यातच आहे.

नुसत्या आयसोब्युटिलीनचे लांब धागे जर्मनीत १९३०च्या सुमारास करून झाले होते. पण त्याचं पक्कं रबर होईना. रबर पक्कं करायचं म्हणजे गंधक घालून तापवायचं, मग धागे एकमेकांना गाठी मारतात. या धाग्यांना गाठ मारायला जागाच नव्हती. १९३७ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीच्या प्रयोगशाळेत विल्यम स्पार्क्स आणि रॉबर्ट थॉमस या दोघांनी त्यावर तोड काढली. धागा तयार होतानाच त्यात दुसरा एक पदार्थ अगदी थोडा मिसळला, शंभराला दोनेक भाग. दुधाला विरजण लावतो ना, तेवढाच. पुढे या कामासाठी आयसोप्रीन वापरायला लागले. गंमत अशी की झाडाचं रबर ज्या कणांचं बनलेलं असतं ते हेच आयसोप्रीन. तेवढ्या विरजणाने गाठी मारायला जागा मिळाली आणि दाटीही मोडली नाही.

विरजण जास्त झालं की दही आंबट होतं, तसंच इथे. आयसोप्रीनच्या त्या जागा म्हणजे धाग्याची नाजूक ठिकाणं. हवेतला ओझोन तिथेच चावा घेतो आणि रबराला भेगा पडतात. ब्युटिलमध्ये अशी ठिकाणं मोजकीच, म्हणून ते लवकर तडकत नाही.

आणखी एक ऐकून आम्ही थक्क झालो. हे रबर कुणी आगीवर शिजवत नाही, भयंकर थंडीत करतात. शून्याच्या खाली ९० ते १०० अंश. घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा शून्याखाली १८ अंशांच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज करा. तिथे थोडं अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड घातलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत धागे तयार होतात. एवढी थंडी का? उष्णतेत धागे लांब होत नाहीत, तुटकेच राहतात आणि रबराऐवजी चिकट काला हाती येतो. पाक बिघडावा तसा.

हा शोध लागला आणि चार-पाच वर्षांतच दुसऱ्या महायुद्धात त्याची गरज पडली. १९४२ च्या सुरुवातीला जपानने मलाया आणि आसपासची बेटं घेतली. जगातलं बहुतेक रबर तिथल्याच झाडांचं होतं. लष्कराच्या गाड्या रबरावाचून अडल्या. मग अमेरिकेत १९४३ पासून ब्युटिलचं मोठं उत्पादन सुरू झालं आणि ट्यूब त्याच्याच होऊ लागल्या.

आपल्या देशात मात्र हे रबर कितीतरी वर्षं बाहेरूनच यायचं. २०१२ मध्ये रिलायन्स आणि रशियाची सिबूर या कंपन्यांचा करार झाला आणि गुजरातेत जामनगरला ब्युटिलचा देशातला पहिला कारखाना उभा राहिला. वर्षाला १,२०,००० टन एवढी त्याची क्षमता. आणि आपल्याच हमरस्त्याने पुढे गोदावरीचा पूल ओलांडून वाळूजला गेलं की बालकृष्ण इंडस्ट्रीजचा टायरचा कारखाना आहे, तिथे ट्रॅक्टरचे टायर बनतात. म्हणजे विषय घरापासून फार लांबचा नाही.

मध्येच एक बाई म्हणाल्या, "आता नव्या मोटारसायकलीला ट्यूबच नसते, मग?" बरोबर. ट्यूबलेस टायर. पण तिथेही ब्युटिल आहेच, टायरच्या आतल्या अंगाला त्याचं अस्तर असतं. साधं ब्युटिल झाडाच्या रबराशी नीट जुळत नाही, दोघं एकत्र पक्की होत नाहीत. म्हणून अस्तरासाठी त्यात थोडं क्लोरिन किंवा ब्रोमिन मिसळतात, मग ते टायरला धरून राहतं. या प्रकाराला क्लोरोब्युटिल आणि ब्रोमोब्युटिल म्हणतात.

ही दोन नावं सांगितली, कारण हेच रबर आपल्या लेकरांच्या दंडाजवळ येऊन पोचतं. लसीच्या बाटलीचं बूच आठवा. वर अ‍ॅल्युमिनियमची चकती आणि खाली करडं रबरी बूच, ज्यात नर्सताई सुई खुपसतात. ते बहुधा ब्रोमोब्युटिल किंवा क्लोरोब्युटिलचं असतं. सुई काढली की भोक मिटतं. या रबरातून हवा तर फारशी जात नाहीच, पाण्याची वाफही फार कमी जाते. गोवर-रुबेलाची लस घ्या. आपल्या पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी ही लस बाटलीत कोरड्या भुकटीच्या रूपात येते, टोचायच्या आधी तिच्यात पाणी मिसळतात. त्या भुकटीला दमटपणा लागला तर लस बिघडते. खारवलेला पापड पावसाळ्यात उघडा राहिला तर सादळतो, तसं. एवढा प्रवास करून ती भुकटी कोरडी राहते यात बाटलीच्या काचेइतकाच त्या बुचाचाही वाटा.

इथे एक कामाची गोष्ट सांगून ठेवतो. पाणी मिसळल्यावर गोवर-रुबेलाची लस चार तासांच्या आतच वापरायची असते. मग बूच कितीही चांगलं असो, उरलेली टाकून द्यायची. म्हणून बाटली उघडल्याची वेळ तिच्यावर लिहितात. लेकराला घेऊन गेलात की ती वेळ बघा, विचारा. नर्सताईंना राग येत नाही, उलट बरं वाटतं.

हेच रबर आणखी कुठे कुठे असतं याची यादी करत बसत नाही. फुटबॉलच्या आतल्या फुग्यात असतं. आणि पोरं दिवसभर चघळतात ना ते च्युइंगम, त्याच्या चिवट भागातही खाण्याच्या दर्जाचं ब्युटिल किंवा त्याचंच भावंड वापरतात. चावून संपत नाही ते उगीच नाही! हे सांगितल्यावर आमच्या एका सुनेने पोराच्या तोंडातलं च्युइंगम लगेच काढायला लावलं. तेवढं घाबरायचं कारण नाही. चुकून गिळलं तर पचत नाही, तसंच बाहेर पडतं. पण गाडीची ट्यूब चघळायला द्यायची नाही बरं का, तिच्यात काजळी आणि गंधक घातलेलं असतं.

आता ताईंच्या प्रश्नाकडे येऊ.

बाजारातली ती ठोंब्यांची गर्दी अनोळखी शेळीला वाट देत नाही, हे आपण पाहिलं. पण गर्दीतल्यांच्या भावकीतला माणूस आला तर? लगेच सगळे सरकतात, "या, या" म्हणून जागा करून देतात. हवा ही ब्युटिलला परकी. सिलिंडरमधला गॅस भावकीतला, खनिज तेलाच्या घरातला. तो आला की रबराचे धागे सरकतात, त्याला आत घेतात. रबर फुगतं, मऊ पडतं आणि गॅस हळूहळू पलीकडे निघतो.

आम्ही हे करून पाहिलं. गॅसवर नाही, तसला खुळेपणा कुणी करू नका. ब्युटिलच्या ट्यूबच्या दोन सारख्या पट्ट्या कापल्या. एक डिझेलच्या वाटीत ठेवली आणि दुसरी गोडेतेलात. रात्रभर राहू दिल्या. सकाळी गोडेतेलातल्या पट्टीत फारसा फरक दिसला नाही. डिझेलमधली मात्र भिजत घातलेल्या मटकीसारखी फुगली होती, लांबीलाही वाढली होती आणि हातात धरली तर लिबलिबीत. ताईंनी ती दोन बोटांत धरून बराच वेळ पाहिली. "ही माझ्या नळीवर होती," एवढंच म्हणाल्या.

शिवाय पट्टी गुंडाळून केलेली जोड म्हणजे काही एकसंध ट्यूब नव्हे. वेढ्या-वेढ्यामध्ये फटी राहतातच. शेगडीची धग लागते, सुतळी ढिली पडते. पहिले आठ दिवस वास आला नाही म्हणजे गळती थांबली असं नव्हतं, ती कमी झाली होती. आणि हा गॅस हवेपेक्षा जड. तो वर जात नाही, फरशीवर साचतो, ओट्याखाली, माठाच्या तिवईखाली. म्हणून उभं राहिलं तर वास नाही आणि वाकलं तर आहे. मुळात या गॅसला वास नसतोच. गळती कळावी म्हणून कंपन्या मुद्दाम उग्र वासाचा पदार्थ त्यात मिसळतात. त्या वासाची सवय करून घेऊ नका.

मग नळी चिरली तर काय करायचं? चिकटपट्टी, ट्यूब, मेणकापड, काहीही गुंडाळायचं नाही. नळी बदलायची. आयएसआयचा शिक्का असलेली, आतून तारेची जाळी असलेली नारिंगी सुरक्षा नळी घ्यायची. तिच्यावर तारीख छापलेली असते. चांगली दिसत असली तरी पाच वर्षांनी बदलायची. गळतीचा संशय आला तर काडी पेटवून बघायची पद्धत अजून काही घरांत आहे, ती आजपासून बंद. वाटीत साबणाचा फेस करा आणि जोडांवर लावा. पंक्चरवाले दादा टबात ट्यूब बुडवून बुडबुडा शोधतात, तेच आपण फेसाने करायचं. बुडबुडा फुगला की तिथे गळती आहे.

आणि वास जोराचा असेल तर फेसही लावत बसू नका. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या. दिवा, पंखा, मिक्सर कशाचंही बटण लावायचं नाही आणि बंदही करायचं नाही, कारण बटण दाबताना ठिणगी उडते. देवाजवळचा दिवा तेवत असेल तर गॅस त्याच्यापर्यंत पोचायच्या आत माणसं बाहेर काढा. बाहेर अंगणात जाऊन फोन करा. गॅस गळतीसाठी देशभर १९०६ हा क्रमांक आहे, रात्री-अपरात्रीही लागतो. आमच्या गटात आता प्रत्येकीने तो स्वयंपाकघराच्या दाराच्या बाहेरच्या बाजूला कोळशाने लिहून ठेवलाय. बाहेरच्या बाजूला का, ते ध्यानात आलं असेल.

कुकरच्या रिंगचंही एकीने विचारलं. ट्यूब कापून रिंग करता येईल का? नाही. कुकरची रिंग वेगळ्या रबराची असते, वाफेच्या तापाला आणि अन्नाच्या वाफेला चालेल अशी. ट्यूबमधली काजळी आपल्या भातात नको. रिंग ढिली झाली की त्याच कंपनीची नवी घ्या.

डिझेलची ती पट्टी पाहून पंक्चरवाले दादाही म्हणाले, की म्हणूनच ते ट्यूब डिझेलने पुसू देत नाहीत. गाडीवाले घाईत पुसतात आणि मग ठिगळ सुटतं म्हणून ओरडतात. रिमला ग्रीस लागलं असेल तर ते पुसून मगच ट्यूब बसवायची. ठिगळ लावायच्या आधी जागा कानशीने नीट घासायची, ब्युटिलला तर जास्तच. नवी ट्यूब घेताना खोक्यावर ब्युटिल लिहिलंय का ते वाचा. इंग्रजी वाचता येत नसेल तर दुकानदाराला वाचून दाखवायला सांगा. आणि चांगली ट्यूब असूनही हवा उतरत असेल तर आधी वाल बघा, थुंकीचं बोट लावून. बुडबुडा आला तर दोष रबराचा नाही, वालाचा.

आता शेवटचा विषय, आणि यावरून आमच्यात चांगली वादावादी झाली. जुन्या ट्यूबचं काय करायचं?

खेड्यात जुनी ट्यूब कधी वाया जात नाही. तिच्या पट्ट्यांनी कडब्याचं ओझं बांधतात, पंपाचा पाइप आवळतात, विहिरीवरचा रबरी पोहरा होतो, उन्हाळ्यात पोरं तिच्यावर पोहायला शिकतात. (ट्यूबवर पोर सोडलं तरी काठावर पोहणारा माणूस हवाच. ट्यूब उलटते, आणि उलटली की पोर खाली जातं.) हे सगळं ठीक. वाद झाला तो चुलीवरून. पावसाळ्यात ओली लाकडं पेटत नाहीत म्हणून ट्यूबचा तुकडा चुलीत घालायची सवय आपल्यातल्या निम्म्या जणींना आहे. आम्हालाही होती, खोटं कशाला बोलू. भपकन पेटतो, काम होतं.

पण तो काळा धूर बघा. ट्यूब म्हणजे रबर, काजळी, तेल, गंधक. खनिज तेलाच्या घरातलं सगळं एकत्र पेटतं. गंधकाचा वायू डोळे आणि घसा जाळतो, बारीक काजळी थेट छातीत उतरते आणि त्या धुरात कर्करोग करणारे पदार्थही असतात. चुलीपुढे वाकून फुंकर घालणारी आपणच, आणि कडेवरचं लेकरूही तोच धूर घेतं. आमच्या गटातल्या एका आजींचं म्हणणं होतं, "सत्तर वर्षं धूर खाल्ला, काय झालं?" त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्याच लेकीने सांगितलं, "आई, तुला ओट्यापर्यंत चालताना दम लागतो." आजी गप्प झाल्या, पण पटलं असं म्हणता येणार नाही. पेटवायला वाळलेली चिपाडं, तुरकाठ्या, नारळाची शेंडी कोरडी करून माळ्यावर ठेवली तर पावसाळा निभतो, एवढ्यावर त्या निदान तयार झाल्या.

आणि ट्यूब जाळायची नाही याला आणखी एक कारण आहे, पैशाचं. ब्युटिलच्या जुन्या ट्यूब गाळून, भरडून, शिजवून त्यांचं पुन्हा रबर करतात आणि ते नव्या ट्यूबमध्ये मिसळतात. त्यामुळे भंगारात ब्युटिलला वेगळी किंमत आहे. भंगारवाला मात्र सगळं रबर एकत्र तोलून नेतो, कारण त्याला ते परवडतं. आम्ही आता टपरीवरच्या दादांसारखं करतो: तुकडा कापून गोळी टाकून बघायची. न उडणाऱ्या वेगळ्या गोणीत, उडणाऱ्या वेगळ्या. मागच्या महिन्यात गटाच्या गोणीत दहा-बारा ट्यूब जमल्या. भाव दोघा-तिघांना विचारून मगच द्यायच्या असं ठरलंय. मिळेल तो पैसा पहिल्यांदा त्या ताईंच्या नळीला जायचा होता, पण त्यांनी तोवर स्वतःच घोडेगावातून नवी आणून बसवलीसुद्धा.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला येताना एक काम करून या. आपल्या घरच्या गॅसच्या नळीवर छापलेली तारीख वाचा आणि कागदावर लिहून आणा. तारीख पुसली गेली असेल तर तसं लिहा. आणि नळीवर कुठे काही गुंडाळलेलं असेल तर न लाजता सांगा, आमच्या गटात अशा तीन निघाल्या. वाळवणावर मग बोलूच.